कवायतीच्या शाळेत चित्र आणि गाणं : प्लेटो, स्टुटगार्ट आणि आपण



आजचा विषय जाहीर झाल्यावर दोघा-तिघांनी मला विचारलं, "सर, सैनिकी शाळेतली चित्रकला आणि संगीत, यात तत्त्वज्ञानवाल्याचं काय काम?" प्रश्न रास्त आहे. मला चित्र काढता येत नाही आणि मी गायलो तर तुम्ही उठून जाल. पण हा विषय तत्त्वज्ञानात सुमारे चोवीसशे वर्षांपासून आहे. शस्त्र हाती घेणाऱ्या मुलाला गाणं शिकवावं का, आणि शिकवावं तर कोणतं, याची पहिली सविस्तर चर्चा एका तत्त्वज्ञाच्या ग्रंथातच आहे. तेव्हा तिथूनच सुरुवात करू.

प्लेटोचं 'रिपब्लिक'. दुसऱ्या आणि तिसऱ्या भागात सॉक्रेटिस आपल्या तरुण मित्रांबरोबर एक राज्य उभं करतो आहे, अर्थात बोलण्यात. त्या राज्याला रक्षक हवेत. रक्षक कसा असावा? चांगल्या जातीच्या कुत्र्यासारखा, असं सॉक्रेटिस म्हणतो. घरच्यांशी मवाळ, परक्यांवर तुटून पडणारा. आता हे दोन्ही एका प्राण्यात आणायचं कसं? त्याचं उत्तर असं की, शरीरासाठी व्यायाम आणि मनासाठी 'मूसिके'. हा शब्द आपल्या 'संगीता'पेक्षा मोठा आहे. त्यात काव्य, कथा, गायन, ताल हे सगळं येतं. नुसता व्यायाम केला तर मुलगा रानटी होतो, नुसतं गाणं केलं तर लिबलिबीत होतो. दोन्हीचा मेळ बसला तर रक्षक तयार होतो.

इथवर ऐकायला छान वाटतं. सैनिकी शाळेच्या स्नेहसंमेलनात 'सर्वांगीण विकास' या नावाखाली आपण जे ऐकतो, ते मूळचं हेच आहे.

पण पुढे काय होतं बघा. गाणं आत घेतल्याबरोबर प्लेटो त्याच्यावर पहारा बसवतो. रडव्या सुरावटी काढून टाका, मद्याच्या बैठकीतल्या सैल सुरावटी काढून टाका. उरतात दोन : एक शौर्याची, एक संयमाची. डोरियन आणि फ्रिजियन अशी त्यांची नावं. पुष्कळ तारांची वाद्यं नकोत, 'औलोस' नावाचं फुंकवाद्य नको. म्हणजे संगीताला प्रवेश मिळाला खरा, पण केस कापून, गणवेश घालून आणि हजेरीपटावर नाव चढवून.

माझा पहिला आक्षेप इथे आहे. या मांडणीत कला म्हणजे आमटीतलं मीठ आहे. आमटी वेगळीच आहे, तिची चव बिघडू नये म्हणून हे घालायचं. किती घालायचं ते स्वयंपाकी ठरवणार. मिठाला स्वतःचं काही म्हणणं असू शकतं, हा विचारच नाही.

गंमत म्हणजे या मांडणीला सगळ्यात मोठा धक्का प्लेटोच देतो, त्याच ग्रंथात. सातव्या भागात तो म्हणतो की, स्वतंत्र माणसाने कोणतीही विद्या गुलामासारखी शिकू नये. शरीराला सक्तीने कष्ट दिले तर शरीराचं काही बिघडत नाही, पण सक्तीने शिकवलेलं मनात टिकत नाही. म्हणून मुलांना खेळातून शिकवा. आता तिसरा भाग आणि सातवा भाग शेजारी ठेवा. कवायत सक्तीने शिकवता येते, हे प्लेटोला मान्य आहे. विद्या तशी शिकवता येत नाही, हेही त्याला मान्य आहे. मग हुकमाने दिलेलं गाणं कुठे बसतं? पायांत की मनात? प्लेटो याचं उत्तर देत नाही.

ग्रंथात उत्तर नसेल तर इतिहासात बघावं. अशी एक शाळा खरोखर होऊन गेली. सैनिकी, निवासी, फक्त मुलांची, आणि जिथे चित्रकला, शिल्पकला, संगीत यांना भरभरून जागा होती. जर्मनीतल्या स्टुटगार्टची 'कार्ल्सशूल'. आपल्याकडे तिचं नाव फारसं घेतलं जात नाही, म्हणून जरा तपशिलात सांगतो.

व्युर्टेंबर्ग नावाच्या राज्याचा ड्यूक कार्ल ऑयगेन. हौशी, खर्चिक, हुकूमशहा. संगीताचा इतका शौकीन की, नेपल्सच्या परंपरेतला नामांकित संगीतकार योमेल्ली १७५३ पासून १७६९ पर्यंत त्याच्या पदरी होता. बाहेरून गायक, नर्तक, चित्रकार आणायचे म्हणजे तिजोरी रिकामी. मग १७७० मध्ये त्याने 'सॉलिट्यूड' या आपल्या महालात सैनिकांच्या मुलांसाठी एक शाळा काढली. सुरुवातीला बागकाम आणि गिलाव्यातली नक्षी शिकवायला. १७७३ मध्ये तिची सैनिकी अकादमी झाली, १७७५ मध्ये ती स्टुटगार्ट शहरात आली, १७८१ मध्ये सम्राटाने तिला विद्यापीठाचा दर्जा दिला आणि १७९४ मध्ये ती बंद झाली. जेमतेम चोवीस वर्षांचं आयुष्य.

या शाळेत कायदा होता, वैद्यक होतं, चित्र, शिल्प, संगीत होतं. आणि गणवेश होता, पावडर लावलेली शेपटीची केशभूषा होती, जेवायला जातानाही पावलात पाऊल होतं. सुट्टी नव्हती. आई-वडिलांची भेट परवानगीने. सरदारांच्या आणि सामान्यांच्या मुलांची जेवणाची टेबलं वेगळी. मुलगा दाखल करताना पालक लिहून देत की, हा आता ड्यूकच्या सेवेत वाहिलेला आहे.

अशा शाळेतून काय निघालं? इथे न्यायाने बोललं पाहिजे. पुष्कळ निघालं. डानेकर हा ड्यूकच्या तबेल्यात काम करणाऱ्याचा मुलगा. तो त्या काळातला जर्मनीतला एक मोठा शिल्पकार झाला. त्सुमश्टेग हाही एका सैनिकाचा मुलगा. आधी त्याला शिल्पाकडे घातलं होतं, पण तो संगीताकडे वळला. त्याच्या गीतांचा नमुना समोर ठेवून पुढे व्हिएन्नात पोरसवदा शूबर्ट गाणी रचायला शिकला. निसर्गशास्त्रज्ञ क्युव्हिए १७८४ ते १७८८ या शाळेत होता. प्राण्यांच्या शरीररचनेची चित्रं तो स्वतः काढायचा, आणि त्याच्या शास्त्रात त्या हाताचा वाटा मोठा आहे. तबेल्यातल्या पोराला त्या काळी संगमरवर आणि छिन्नी दुसरं कोण देणार होतं? तेव्हा 'सैनिकी शाळा आणि कला यांचं जमतच नाही' असं जे पटकन बोललं जातं, ते खोटं आहे. ही शाळा त्याचा ढळढळीत पुरावा आहे.

पण आता दुसरी बाजू. योजेफ आंतोन कोख हा टिरोलच्या शेतकऱ्याचा मुलगा. चित्रकला शिकायला १७८५ मध्ये आला आणि १७९१ मध्ये पळून गेला. त्याचं एक व्यंगचित्र उपलब्ध आहे. त्यात या शाळेतल्या कलाशिक्षणाची त्याने यथेच्छ टिंगल केली आहे. पळून स्ट्रासबर्गला पोचल्यावर त्याने आपली ती सक्तीची शेपटी कापली आणि शाळेला पाठवून दिली, असं सांगतात. हा पुढे पर्वतांचा मोठा चित्रकार झाला. आल्प्समधला धबधबा त्याने असा काढला की, पाणी कुणाच्या आज्ञेने पडत नाही हे बघणाऱ्याला कळावं.

आणि तिसरा, सगळ्यात प्रसिद्ध. फ्रीडरिश शिलर. तेरा वर्षांचा असताना, १७७३ मध्ये, या शाळेत आला. त्याला धर्मशास्त्र शिकायचं होतं, ते तिथे नव्हतं. आधी कायद्यात घातलं, मग वैद्यकात. साहित्य लपून वाचायचं. 'दरोडेखोर' हे नाटक त्याने विद्यार्थिदशेतच चोरून लिहिलं. आजारी असल्याचं सोंग करून रुग्णकक्षात लिहायचा, कारण तिथे रात्री दिवा असे, असं सांगतात. १७८२ च्या जानेवारीत मानहाइमला प्रयोग झाला. तेव्हा तो लष्करी पलटणीत डॉक्टर होता. परवानगीशिवाय मानहाइमला गेला म्हणून ड्यूकने त्याला चौदा दिवस कोठडीत टाकलं आणि वैद्यक सोडून काही लिहायचं नाही असा हुकूम काढला. सप्टेंबरमध्ये एका रात्री शिलर राज्य सोडून पळाला. बरोबर कोण होतं? श्ट्रायशर नावाचा एक तरुण पियानोवादक.

आता बघा हं. ज्या ड्यूकने मुलांना संगीत दिलं, रंग दिले, रंगभूमी दिली, त्यानेच एका मुलाला लिहू नकोस म्हटलं. यात विसंगती आहे का? माझ्या मते नाही. ड्यूकच्या दृष्टीने दोन्ही एकच गोष्ट आहे. कला माझ्या दरबाराची. मी सांगेन तेव्हा, मी सांगेन ते. त्याने शाळेत कलेचे तास भरपूर ठेवले, पण त्या तासांचा मालक बदलला नाही.

म्हणून माझं म्हणणं असं आहे, आणि आजच्या भाषणात मुद्दा हा एवढाच : सैनिकी शाळेत कलेला आठवड्याला किती तास आहेत, हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न हा की, त्या तासात बरोबर-चूक कोण ठरवतं?

हे जरा उलगडून सांगतो. कवायतीत मोजमाप बाहेर असतं. पाऊल चुकलं की उस्ताद सांगतो. त्यात वाईट काही नाही. कवायत तशीच शिकवावी लागते. बिगुल घ्या. त्याला पडदे नाहीत, कळा नाहीत. ओठांच्या ताणावर जे चार-पाच स्वर निघतात त्यांतच सगळे पुकार बांधलेले. उठा, जमा व्हा, दिवा मालवा. बिगुल म्हणजे सुरात दिलेली आज्ञा आहे. ऐकणाऱ्याने तिचा आस्वाद घेणं अपेक्षितच नाही, ती पाळायची असते.

आता तानपुरा घ्या. तार जुळवायला एका मुलाला बसवा. खुंटी पिळतो, सोडतो, पुन्हा पिळतो. सा लागला की नाही? गुरुजी शेजारी असतील तर 'हं' म्हणतील. पण ते 'हं' म्हणेपर्यंत त्या मुलाच्या कानाला ते कळलेलं नसेल, तर तो काहीच शिकला नाही. इथे सेनापतीचाही हुकूम चालत नाही. स्वर चढा आहे तर आहे. चित्राचंही तसंच. समोर तांब्या ठेवलाय आणि शेजारी कांदा. तांब्याच्या तोंडाचा गोल बाजूने बघताना लंबगोल दिसतो. तो किती चपटा, हे वर्गशिक्षकाला विचारून कळत नाही. डोळा बारीक करून, पेन्सिल हातभर पुढे धरून बघावं लागतं. मुलगा तिथे वरिष्ठाला बांधील नाही, तांब्याला बांधील आहे.

ही शिस्तच आहे. किंबहुना कवायतीपेक्षा कडक, कारण कुणी बघत नसतानाही ती सुटत नाही. रियाज करणारा माणूस बंद खोलीत स्वतःला फसवू शकत नाही. म्हणून 'कलेने शिस्त बिघडेल' ही भीती मला समजत नाही. आणि उलट बाजूला 'कला मुलांना मोकळं सोडते' हे जे कौतुक असतं, तेही मला पटत नाही. कला मोकळं सोडत नाही, ती दुसऱ्या मालकाकडे नेते. फरक इतकाच की, तो मालक तुमच्याच कानात आणि डोळ्यांत राहतो.

शिलरकडे परत येऊ, कारण त्याने यावर पुढे विचार केला. १७९३ मध्ये तो अकरा वर्षांनी आपल्या मुलखात परतला होता. त्याच सुमारास डेन्मार्कमधल्या आपल्या आश्रयदात्या राजपुत्राला तो पत्रं लिहीत होता. माणसाच्या सौंदर्यशिक्षणावरची. ऑक्टोबरमध्ये ड्यूक वारला. पुढच्या वर्षी शाळा बंद झाली. मूळ पत्रं कोपनहेगनच्या राजवाड्याच्या आगीत जळाली. शिलरने ती नव्याने लिहून १७९५ मध्ये छापली. आधुनिक काळात कलाशिक्षणावर जे काही गंभीर लिहिलं गेलं, त्याच्या मुळाशी ही पत्रं आहेत. त्यात तो म्हणतो की, माणसात एक ओढ इंद्रियांची असते, दुसरी नियमांची. नुसती पहिली असली तर माणूस वाहवत जातो. नुसती दुसरी असली तर तो वाळून जातो. या दोघींना एकत्र नांदवणारी तिसरी ओढ आहे, तिला तो 'खेळ' म्हणतो. आपली मुलं विटीदांडू खेळतात तेव्हा नियम कडक असतात आणि तरी ते त्यांनी स्वतः घेतलेले असतात, तसं काहीसं.

मला एक गोष्ट लक्षणीय वाटते. ही पत्रं लिहिणारा माणूस कलाशाळेतून आलेला नाही, तो सैनिकी शाळेतून आला आहे. नियम आणि मन यांची फारकत झाली की काय होतं, हे त्याने पुस्तकातून शिकलेलं नव्हतं. तो त्यात आठ वर्षं राहिला होता. प्लेटोच्या सातव्या भागातला 'खेळ' आणि शिलरचा 'खेळ' यांत मोठं अंतर आहे, पण तिसऱ्या भागातल्या त्या मिठाच्या हिशेबाला दोघांचंही उत्तर एकाच दिशेचं आहे.

आता आपल्याकडे. देशातली पहिली सैनिक स्कूल साताऱ्याची, २३ जून १९६१. आता या शाळा केवळ मुलांच्या राहिलेल्या नाहीत. २०२१-२२ पासून सैनिक स्कूलमध्ये मुलींनाही प्रवेश आहे, ही चांगली गोष्ट. पण चौकट मुलांच्या शाळेसाठी बनवलेली आहे आणि ती तशीच आहे. सहावीच्या प्रवेशपरीक्षेला ३०० गुण. गणित १५०, बाकी बुद्धिमत्ता, भाषा, सामान्यज्ञान प्रत्येकी ५०. बाहेर पडताना एनडीएचं दार. गणित ३००, सामान्य क्षमता ६००, निवड मंडळाची मुलाखत आणि चाचण्या ९००, एकूण १८००. आत यायला आणि बाहेर जायला, दोन्ही दारांवर चित्राला आणि स्वराला शून्य. मी तक्रार करत नाही. तोफखान्याच्या अधिकाऱ्याला गणित यायलाच हवं. पण दहा-अकरा वर्षांचं पोर घर सोडून येतं आणि सहा-सात वर्षं तिथे राहतं. सगळेच काही पुढे एनडीएत जात नाहीत. त्या वर्षांचा हिशेब नुसता दाराशी करून चालणार नाही.

या दोन दारांच्या मधे कला असते कुठे? साधारणपणे तीन ठिकाणी. बँडमध्ये, भित्तिपत्रकांच्या स्पर्धेत आणि स्नेहसंमेलनात. बँड मला आवडतो. चांगला बँड ऐकून अंगावर काटा येतो. पण बँड हा कवायतीचा भाग आहे, त्याला संगीतशिक्षण म्हणून मोजू नये. भित्तिपत्रकाचा विषय ठरलेला, घोषणा ठरलेली, मुलाने फक्त रंग भरायचे. आणि स्नेहसंमेलन पाहुण्यांसाठी असतं. तिन्हींत मालक बाहेरचा. छोट्या प्रमाणावर तो ड्यूकच आहे.

ही गोष्ट फक्त सैनिकी शाळांची नाही, हेही सांगितलं पाहिजे. आपल्या एलिमेंटरी-इंटरमिजिएट परीक्षांत 'स्मरणचित्र' नावाचा सुरेख विषय आहे. पाहिलेलं आठवून काढायचं. आपण त्याचं काय केलं? 'पावसाळ्यातला बसथांबा' घोटून पाठ करायचा. छत्र्या कुठे, माणसं कुठे, सगळं आधीच ठरलेलं. स्मरण पावसाचं राहिलं नाही, चित्राचं राहिलं. एरवीच्या शाळेतला मुलगा निदान संध्याकाळी घरी जाताना खरा पाऊस बघतो. निवासी शाळेत, जिथे दिवसाचा प्रत्येक अर्धा तास घंटेला बांधलेला आहे, तिथे ही हानी अधिक खोल जाते.

एक आक्षेप मला माझ्याच बाजूच्या लोकांवर घ्यायचा आहे. कलाप्रेमी मंडळी म्हणतात, मुलांना संगीत द्या म्हणजे ती कोमल, माणुसकीची होतील. सैनिकाला तर ते हवंच. मंडळी, असा दावा करू नका, तो टिकत नाही. नाझी राजवटीतला राइनहार्ड हाइड्रिश हा एका संगीतकाराचा मुलगा आणि उत्तम व्हायोलिनवादक होता. ज्यूंच्या संहाराची यंत्रणा उभी करण्यात त्याचा पुढाकार होता. व्हायोलिनने त्याला थांबवलं नाही. कला हे सद्गुणाचं इंजेक्शन नाही. तुम्ही तसं विकायला गेलात की पुन्हा प्लेटोच्या मिठावर येता. आणि मग कुणी सिद्ध करून दाखवलं की मीठ काम करत नाही, तर तुमचा तासही जातो.

मग कलेच्या तासाचं समर्थन कशावर करायचं? मी इतकंच म्हणेन. सैनिकी शाळेत मुलगा दिवसभर हुकूम ओळखायला आणि पाळायला शिकतो. उद्या अधिकारी झाल्यावर त्याच्यावर अशी वेळ येणार आहे की, वरून हुकूम आलेला नाही, समोर परिस्थिती आहे आणि ती त्याला स्वतः बघायची आहे. जे दिसावंसं वाटतं ते नव्हे, जे आहे ते. तांब्याच्या तोंडाचा लंबगोल बघणारा डोळा चांगला अधिकारी बनवतोच अशी हमी मी देत नाही. पण अशा शाळेत 'समोरच्या वस्तूचं ऐक, माझं नको' असं शिक्षकाने विद्यार्थ्याला म्हणण्याची जागा फार थोडी असते. कलेचा तास ही त्यातली एक. ती बंद केली किंवा बँडला जोडून टाकली, तर मुलाला सहा-सात वर्षांत कदाचित एकदाही हे वाक्य ऐकायला मिळणार नाही. अधिकारी न झालेल्या मुलालाही ते तितकंच लागतं.

व्यवहारात याला फार पैसा लागत नाही. आठवड्यातले दोन तास असे ठेवा की त्यातलं काही स्नेहसंमेलनाला जाणार नाही, त्याला बक्षीस नाही, त्यावर घोषणा नाही. एक सत्र एकच राग ऐका आणि जमेल तसा गा. एक महिना तीच एक वस्तू काढा. आणि त्या दोन तासांपुरतं शिक्षकाला, मुलालाही, हुद्दा दाराबाहेर ठेवायला सांगा. हुद्दा पळून जात नाही, तास संपल्यावर तिथेच असतो.

कुणी म्हणेल, एवढं स्वातंत्र्य दिलं तर एखादा शिलर पळून जाईल. पण इतिहास उलट सांगतो. शिलर आणि कोख स्वातंत्र्य मिळाल्यामुळे पळाले नाहीत. शाळेने त्यांना चांगले डोळे आणि चांगले कान दिले आणि मग ते वापरायचे नाहीत असं सांगितलं, म्हणून ते पळाले.

मी इथे थांबतो. प्रश्नांना वेळ ठेवला आहे. श्रोत्यांमध्ये सैन्यातून निवृत्त झालेले काही जण दिसतात, त्यांनी आधी बोलावं अशी माझी विनंती आहे. मी कवायत बाहेरून पाहिलेली आहे, त्यांनी ती केलेली आहे.